खारीच्या व्हॉल्वचे अठरा फेरे

नाताळ अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "'श्रद्धा, महत्त्वाकांक्षा आणि सार्वजनिक जीवन' या विषयावर तुमच्या नोकरीतल्या अनुभवांतून काही लिहा." मी म्हटलं, बाई, एवढे मोठे शब्द आमच्या वन-रूम-किचनमध्ये मावायचे नाहीत. माझ्याकडे उभ्या आयुष्यात एक लोखंडी चावी होती, तीही निवृत्तीच्या दिवशी खात्यात जमा केली. त्या म्हणाल्या, "मग चावीवर लिहा." बाई हुशार आहेत. आता लिहितोय तर सगळंच लिहितो, फक्त चांगलं तेवढं लिहिण्यात काही अर्थ नाही.

कागदावर माझं पद व्हॉल्वमन. लोक म्हणायचे चावीवाला. माझं नाव पास्कू, हे ज्यांना माहीत होतं ते थोडे. पण माझी सायकल कुठल्या गल्लीतून किती वाजता जाते हे भाईंदरमध्ये हजार बायकांना पाठ होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, नळ सोडला की पाणी येतं. अहो, नळ हे शेवटचं टोक. त्याच्या अलीकडे रस्त्याखाली जाडजूड पाईप, त्याला फुटलेल्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या तोंडाशी एक व्हॉल्व. तो एका खड्ड्यात असतो, त्यावर लोखंडी झाकण. झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची टी-आकाराची चावी आत बसवायची आणि फिरवायची. ठरलेल्या वेळी उघडायचं, ठरलेल्या वेळी बंद करायचं. झाली नोकरी.

पण खरी गोष्ट आहे किती फेरे. सगळे व्हॉल्व पूर्ण उघडले तर पाईपाच्या सुरुवातीचे लोक न्हाऊन घेतात आणि शेवटच्या गल्लीला नुसती हवा जाते. म्हणून सुरुवातीला कमी फेरे, शेवटाला जास्त. कोणाला किती, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसे. आधीच्या माणसाकडून पुढच्या माणसाला तोंडी यायचं. मला ते महादूकडून आलं. महादू मोरवा गावचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी मी जोर दाखवायला भराभरा चावी फिरवली आणि पुढे गल्लीत धडाम करून जॉइंट उडाला. महादूने तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून बिडी ओढून संपवली आणि मग म्हणाला, "घाई केलीस त लाईन फुटणार. मी रामकृष्णहरी घेतो, एका फेऱ्याला एक. तू तुझ्या देवाचं घे. कुठल्या पन देवाचं घे, पन अख्खं घे. अर्धं घेतलंस त फेरा बी अर्धाच व्हतो."

मग मी 'नमो मारिया' धरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ती आमची रोजच्या माळेची प्रार्थना. येशूच्या आईला केलेली. एका फेऱ्याला एक, सावकाश, शेवटच्या 'आमेन'पर्यंत. दहा झाल्या की 'गौरव असो' म्हणतात, तेवढा वेळ मी हात थांबवायचो आणि पाईपाला कान द्यायचो. आतली हवा निघून गेली की आवाज बदलतो. मग पुढचे फेरे. हा वेग इतका बरोबर बसला की पुढे तीस वर्षांत माझ्या हातून जॉइंट उडाला नाही. साहेब लोक विचारायचे, काय युक्ती आहे? आता त्यांना काय सांगणार, माउलीची आहे म्हणून?

तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. काशीमीऱ्याला हायवेलगत एक व्हॉल्व होता, त्याच्या झाकणावर रोज सकाळी एखादा ट्रक उभा. ड्रायव्हर आत झोपलेला. "भाईसाब, दस फुट आगे लो, पानी छोडना है." एकदा एका ड्रायव्हरने डोळे न उघडताच विचारलं, "किसका पानी?" मी म्हटलं, तुझ्या समोरच्या हॉटेलचं, जिथे तू उठून चहा पिणार आहेस. लगेच गाडी स्टार्ट. दुसरा एक गृहस्थ, तळमजल्यावर राहणारा, पाणी खेचायची मोटर थेट लाईनवर लावून बसला होता आणि वरून देव्हारा मांडला होता. मोटर सुरू झाली की घंटा आपोआप वाजायची. त्याला म्हटलं, शेठ, तुमचा देव फारच जागृत दिसतो, बरोबर पाण्याच्या वेळेला येतो. त्या दिवशी मोटर निघाली आणि मला घरचे गाठिया मिळाले. लाच म्हणा, पण चविष्ट होते.

या सगळ्यातून नाव झालं. आणि मला ते आवडत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला माईकही आवडतो. तरुणपणी चर्चच्या युवक मंडळात मी आभारप्रदर्शन असं करायचो की मूळ भाषणापेक्षा लांब व्हायचं. प्रभागाच्या पाटीवर आपलं नाव आणि खाली 'नगरसेवक' असं असावं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण झोपताना बऱ्याचदा पाहिलं होतं. उत्तनकडच्या एका मच्छीमाराचा मुलगा मी. बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर जाळं ओढलं. त्याच्या पोराने सभागृहात उठून बोलावं, असं वाटण्यात पाप आहे असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

तर एक दिवस काशीमीऱ्याचे एक भाऊ घरी आले. भाऊंचं गॅरेज, हॉटेल, आणि राजकारणात वजन. सोफ्यावर ऐसपैस बसले. "पास्कूभाऊ, तुमको कौन नहीं पहचानता? घराघरात तुमचं नाव आहे. नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घ्या, तिकीट मी आणतो. फक्त एक करा, त्या नवीन चार टॉवरवाल्यांना जरा खूश ठेवा. सगळी मतं तिथे आहेत."

ते गेल्यावर माझी बायको फिलोमिना म्हणाली, "घरात पिंप भरायला तू कधी उठला नाहीस, आता प्रभागाचं भरणार." मी हसलो. पण त्या रात्री कामाच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी भाषण लिहायला घेतलं.

टॉवरचा व्हॉल्व दहा फेऱ्यांचा. मी तो पंधरा करू लागलो. आता पाणी काही वरून वाढून आलं नव्हतं. तिकडे दाब हवा तर दुसरीकडे कमी करायला हवं. लाईनच्या अगदी शेवटी खारी गावची मागची गल्ली, तिचा व्हॉल्व अठरा फेऱ्यांचा. अठराचे मी तेरा केले. दहा नमो मारिया, एक गौरव असो, पुन्हा तीन नमो मारिया, चावी बाहेर. मनाला सांगितलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. निवडून आलो की खारीला नवी लाईनच टाकून देईन. चोराची समजूत चोरच काढतो, त्यातली गत.

त्या गल्लीत राणेकाकू राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. पापड लाटून देत आणि दोन घरची पोळी-भाजी करत. त्यांचा नळ गल्लीतला शेवटचा, म्हणजे माझ्या सगळ्या विभागातला शेवटचा. मी व्हॉल्व उघडायला गेलो की ओट्यावरून हाक यायची, "पास्कू, आला का रे बाबा?" एवढंच. कधी दोन मिनिटं जास्त मागितली नाहीत. मी तेराच फेरे देऊ लागलो तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. तीन महिने असेच गेले.

आणि मग पवित्र गुरुवार आला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आमच्याकडे एक विधी असतो. मरणाच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी फादरनी लोकांची सेवा करणारे बारा निवडले. एक नर्स, एक रिक्षावाला, एक शाळेची शिक्षिका, आणि पाणी सोडणारा पास्कू. निवडणुकीच्या तोंडावर अख्ख्या चर्चसमोर! मी मनात म्हटलं, देवानेच प्रचार सुरू केला.

आता या विधीतली एक गंमत सांगतो. येशूने धुळीने माखलेले पाय धुतले होते. पण आमच्यातला एकही माणूस मळक्या पायांनी त्या बाकावर बसत नाही. सगळे घरून घासून-पुसून जातात, चारचौघांत फादरच्या हातात घाण पाय कसा द्यायचा? माझे तर खड्ड्यात उतरणाऱ्याचे पाय, टाचांना भेगा. फिलोने वजरी दिली, मी दोन बादल्या पाण्यात अर्धा तास पाय घासले, खोबरेल चोळलं, पांढरी पँट चढवली. चार वाजता खारीचा व्हॉल्व उघडून तसाच चर्चला जाणार होतो.

खड्डा गळत होता, आत चिखल. पँट वर दुमडून मी तेरा फेरे दिले आणि चावी काढताना आत घसरलो. घोट्यापर्यंत दोन्ही पाय काळे. मी तिथेच उभा राहून स्वतःलाच शिव्या देत होतो. ओट्यावरून राणेकाकूंनी पाहिलं.

"चर्चमध्ये चाललास ना? असे पाय घेऊन जाऊ नकोस, इकडे ये."

मी गेलो. त्यांनी मला ओट्याच्या पायरीवर बसवलं आणि आत गेल्या. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. निळं पिंप होतं, त्याच्यात त्या कमरेतून वाकल्या, जवळजवळ आतच शिरल्या, आणि वाटीने तळाचं पाणी तांब्यात भरू लागल्या. वाटी पिंपाच्या तळाला खरवडल्याचा आवाज येत होता. एक तांब्या भरायला बराच वेळ लागला.

मी म्हटलं, "काकू, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. खाली बसून माझ्या पायांवर तो तांब्या ओतला, हाताने चिखल काढला, पदराने पुसायला निघाल्या तेव्हा मी पाय मागे घेतले.

"हल्ली पाणी कमीच येतंय रे," त्या म्हणाल्या. "शेजारीण म्हणते, चावीवाला खातो. मी तिला सरळ सांगितलं, वरूनच कमी येत असेल, पास्कू मोजून देतो. मी रोज ऐकते ना, तुझ्या चावीचा आवाज."

मी तेव्हा काय करायला हवं होतं? उठून पाच फेरे द्यायचे. चावी हातात होती, व्हॉल्व वीस पावलांवर. पण टॉवरची वेळ सुरू होती, आणि चर्चमध्ये बाक मांडलेला होता. मी "येतो काकू" म्हटलं आणि सायकल काढली. आयुष्यात मी एवढा लाजलो नाही, आणि तरीही गेलो. हे लिहिताना आजही कान तापतात.

बाकावर मी सातवा होतो. फादर एकेकाचे पाय धूत माझ्याकडे आले, गुडघ्यांवर बसले. माझा पाय वर येईना. मी हळूच म्हटलं, "फादर, माझे धुऊन झालेत."

फादर खालच्या आवाजात म्हणाले, "सगळेच घरून धुऊन येतात, पास्कू. मुकाट्याने पाय पुढे कर."

केला. त्यांनी चांदीच्या झारीतून पाणी ओतलं, भरपूर ओतलं, परातीत पडून उडालं. मी त्या पाण्याकडे पाहत होतो आणि मला पिंपाच्या तळाला लागलेली वाटी ऐकू येत होती. मागच्या रांगेत फिलो अभिमानाने बसली होती. मी रडलो. लोकांना वाटलं, भक्तीने. दुसऱ्या दिवशी दोन-तीन जणांनी कौतुकही केलं.

मिस्सा संपल्यावर मी फादरना आत गाठलं आणि सगळं सांगितलं. भाऊ, टॉवर, दहाचे पंधरा, अठराचे तेरा. फादर कोकणी माणूस, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाची क्षमा मिळेल. पण पाणी काही माझ्या नळाचं कमी झालं नव्हतं. ज्यांचं झालं त्यांना सांग."

शुक्रवारी उपास होता. चार वाजता खारीला गेलो. राणेकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. उभ्या उभ्या सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला.

"म्हणजे शेजारीण खरं बोलत होती," त्या म्हणाल्या. "आणि मी तीन महिने तिच्याशी भांडतेय. तिच्या घरची सत्यनारायणाची पूजासुद्धा टाळली मी, तुझ्यापायी. आता तिला काय तोंड दाखवू?"

"मी सांगतो तिला."

"तू सांगच. सगळ्या गल्लीला सांग."

आणि मी सांगितलं. पाण्याची वेळ, सगळे दारात होते. कामाच्या कागदामागे लिहिलेलं भाषण घरीच राहिलं. सार्वजनिक जीवनातलं माझं एकमेव भाषण मी खारीच्या मागच्या गल्लीत, माईकशिवाय केलं. चार-पाच वाक्यांचं. टाळ्या पडल्या नाहीत. एकाने आईवरून शिवी दिली, ती मी ऐकून घेतली. शेजारीण म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" आणि तिने काकूंकडे पाहिलं, काकूंनी मान खाली घातली. ती मान खाली गेलेली मला शिवीपेक्षा जास्त लागली. सोमवारी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फायलीत शेवटपर्यंत होती.

भाऊंचा फोन आला. टॉवरचे पंधराचे पुन्हा दहा झाले म्हणून तिथल्या लोकांनी तक्रार केली होती. "पाच चक्कर के लिए तिकीट छोड रहे हो? पागल हो क्या?" मी म्हटलं, भाऊ, पाचच आहेत म्हणून सोडतोय, पुढे किती होतील ते मला मोजता येणार नाही. तिकीट दुसऱ्याला गेलं, तो निवडूनही आला, आणि खरं सांगायचं तर त्याने कामही बरं केलं. मी संत नाही. प्रभागाच्या पाटीवरून जाताना अजूनही माझी नजर वर जाते. आपण तिथे असतो तर, असं अजूनही वाटतं. फिलोला कळतं. ती म्हणते, "चल, मासे संपतील."

पण त्या शुक्रवारी आणखी एक गोष्ट झाली, ती राहिली. गल्ली पांगल्यावर मी चावी बसवली, तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाल्या, "आजपासून मोठ्याने मोज. मला ऐकू आलं पाहिजे."

"काकू, मी आकडे मोजत नाही. प्रार्थना म्हणतो."

"मग ती मोठ्याने म्हण."

झालं. गणपतीचा फोटो लावलेल्या दारासमोर, उपासाच्या पोटाने, मी अठरा वेळा नमो मारिया मोठ्याने म्हटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिले काही महिने त्या बोटांची पेरं मोजत नुसत्या ऐकायच्या, चेहऱ्यावर हसू नाही. शेजारीणही दारात उभी राहायची, पहारेकऱ्यासारखी. दोघींचं भांडण माझ्यावर नजर ठेवता ठेवता मिटलं, एवढं एक पुण्य माझ्या खात्यात लिहायला हरकत नाही. पावसाळा सरला तेव्हा काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "ही मारिया कोण रे?"

"येशूची आई."

त्यांनी विचार केला. "म्हणजे पाणी तीच भरत असणार घरात. तिला कळत असेल मग." आणि त्या दिवशी व्हॉल्व उघडून झाल्यावर मला चहा मिळाला.

पुढे कितीतरी वर्षं असंच चाललं. ऐकून ऐकून काकूंना नमो मारिया पाठ झाली. एखाद्या दिवशी माझा घसा बसलेला असला तर ओट्यावरून त्या म्हणायच्या आणि मी नुसती चावी फिरवायचो. देवाने मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत, फिलोच्या खालोखाल, मी त्या ओट्याचे आभार मानतो. चर्चने मला प्रार्थना शिकवली, महादूने ती अख्खी म्हणायला सांगितलं, पण माझ्याकडून ती अख्खी म्हणवून घेतली ती राणेकाकूंनी.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी ऑफिसात हार, नारळ, शाल झाली. चार वाजता मी शालीची घडी सायकलच्या कॅरियरला लावली आणि खारीला गेलो. काकू आता फार थकल्या होत्या. शेजारणीने त्यांना हाताला धरून दारात खुर्चीवर बसवलं होतं. मी झाकण उचललं, चावी बसवली आणि सुरू केलं. दहा झाल्या, गौरव असो म्हटलं, कान दिला, हवा गेली. पुढच्या सुरू केल्या. सतरावी संपली आणि माझा आवाजच गेला. चावी हातात, तोंडातून शब्द निघेना. नळांना पाणी सुरू झालं होतं, बादल्यांत पडत होतं. कोणालाही एका फेऱ्याने फरक पडला नसता.

खुर्चीवरून बारीक आवाज आला, "पास्कू, सतरा झाले. एक माझा राहिलाय."

मग त्यांनीच नमो मारिया सुरू केली, सावकाश, एकेक शब्द, आणि त्यांच्या आमेनपर्यंत मी शेवटचा फेरा पुरा केला.